जास्त बटणे एकतीस

माणसांच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, व्हाउचरवर आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासून स्वभाव असा झाला, की स्वभावच असा म्हणून हा धंदा पत्करला, ते आता मलाही सांगता येणार नाही. पावती दिसली नाही की माझं डोकं तापतं. आमच्या घरी काडेपेटीसुद्धा वहीत चढते. रोज संध्याकाळी चहा झाला की मी वही उघडतो, बायको समोर बसून दिवसाचा खर्च सांगते आणि मी लिहून घेतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा हा शिरस्ता. किराणा, दूध, मुलांच्या वह्या, सगळं जागच्या जागी. नाही म्हणायला वर्षातून एक महिना आमच्याकडे भाजी अचानक महाग होते आणि मी बाजाराच्या नावाने बोटं मोडतो. तेवढं सोडलं तर आमच्या घरच्या वहीवर कोणीही डोळे मिटून सही करावी.

हे आधी सांगितलं, कारण ज्या बाईबद्दल मी लिहायला बसलोय तिने जन्मात एकही पावती मनापासून फाडली नाही. आणि तिच्याइतका चोख हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही. बँका पाहिल्या, कारखाने पाहिले, तीन-तीन मजली ऑफिसं पाहिली. नाही पाहिला.

ती बायकांच्या एका छोट्या दवाखान्यात हिशेब ठेवते. छापखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्यात लांब बाक. डॉक्टरीणबाई, एक नर्स आणि ही. दवाखाना धर्मादाय. जागेचं भाडं आणि पगार एक मोठी देणगीदार संस्था देते. औषधं, कापूस, वीज, पाणी हे बायका जे काही देतील त्यावर चालतं. ज्यांच्याकडे नाही त्या देत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी मला फोन करून ऑडिटची फी विचारली. मी सांगितली. त्या म्हणाल्या, "निम्म्यात होईल का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो. हा एक हिशेब मला अजून लागलेला नाही.

गेलो तर समोर ही. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. बायका तिला तिजोरीताई म्हणत, कारण तिच्या कानावर गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर पडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई नुसतंच तिजोरी म्हणत. मीही दोन दिवसांत तेच म्हणायला लागलो. मनातल्या मनात त्याच्या पुढे आणखी दोन शब्द जोडायचो, ते इथे लिहीत नाही.

"पावत्या?" मी विचारलं.

"नाहीत."

"हरवल्या?"

"फाडतच नाही."

"मग कोणी किती दिले ते कळतं कसं?"

"कळत नाही," ती म्हणाली. "कळू नये म्हणूनच तर सगळी खटपट."

मी पेन खाली ठेवलं. असं उत्तर दिल्यावर माणसं सहसा खजील तरी होतात. हिने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि पद्धत समजावून सांगितली. आलेल्या बाईला एक नंबर मिळतो आणि एक पितळी बटण. नावं डॉक्टरीणबाईंच्या कपाटात, हिशेबाच्या वहीत फक्त नंबर. तपासणी झाली की बाई व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या पडद्यामागे जाते. एकटी. तिथे भिंतीला ठोकलेली पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जमेल ते टाकायचं, नसेल जमत तर काही टाकायचं नाही. बटण मात्र टाकायचंच. पेटीला दोन कुलपं, एकाची किल्ली डॉक्टरीणबाईंकडे, दुसऱ्याची हिच्याकडे. संध्याकाळी दोघी मिळून उघडतात. बटणं आणि पेशंट जुळले पाहिजेत.

"मला ती पडद्यामागची जागा बघायची आहे," मी उठत म्हणालो.

"तिथे पुरुष जात नाहीत."

"मी ऑडिटर आहे."

"ऑडिटर पुरुष आहे," ती म्हणाली, आणि नर्स तोंडाला रुमाल लावून आत पळाली.

संध्याकाळपर्यंत मी धुमसत बसलो. पेटी उघडायची वेळ झाली. किल्ली लावण्याआधी तिजोरी म्हणाली, "बटणं त्रेचाळीस. नाणी साठ-बासष्ट. नोटांचं सांगता येत नाही, त्या वाजत नाहीत." दिवसभर ती फाइली लावत होती, फोन घेत होती, दोनदा एका रडणाऱ्या पोरीजवळ जाऊन बसली होती. पेटी उघडली. बटणं त्रेचाळीस. नाणी मी स्वतः मोजली, एकसष्ट. पेशंट त्रेचाळीस. मी खुर्ची पुढे ओढून घेतली. त्या दिवसापासून मी त्या बाईला जरा घाबरूनच असतो.

तिची हकिगत मला सलग कधी कळली नाही. दर वर्षी ऑडिटचे चार-पाच दिवस, चहाच्या कपागणिक एखादं वाक्य, असं करत अकरा वर्षांत गोळा केली. लग्न लवकर झालं. नवरा परगावी कामाला म्हणून गेला तो गेलाच. एक मुलगी, ती आता दुसऱ्या गावात शिक्षिका आहे. तिला वाढवायला ही एका गणवेशाच्या कारखान्यात लागली आणि चौदा वर्षं बटणांच्या टेबलावर बसली. काम एकच. पितळी बटणं मोजून पुड्या बांधायच्या. चार महिन्यांत तिचा हात इतका बसला की मूठ भरली म्हणजे चोवीस, कमी नाही जास्त नाही. मी खोटं म्हणालो. तिने लगेच डब्यात हात घातला आणि मूठ माझ्यापुढे टेबलावर रिकामी केली. मोजली, चोवीस. म्हटलं पुन्हा. पुन्हा चोवीस. तिसऱ्यांदा मीच नको म्हणालो, माझ्यासमोरच माझी फटफजिती किती करून घ्यायची.

कारखाना बुडाला तेव्हा मालकाने शेवटच्या महिन्याचा पगार बटणांत दिला. प्रत्येकीला एकेक पोतडी. म्हणाला, बाजारात हातोहात खपतील. बटणांवर कारखान्याचा शिक्का होता, ती दुसरं कोण घेणार? ही आठ दिवस दुकानं पालथी घालून पोतडी घरी घेऊन आली. पाच हजार चारशे बटणं. मालकासमोर मोजून घेतली होती. "फसवायचं तर फसवा," ती त्याला म्हणाली होती म्हणे, "पण पुरतं मोजून फसवा."

दवाखाना तेव्हा नुकताच निघाला होता. तिथे ती केर काढायला लागली. पेटी होती, पडदाही होता, बटणं नव्हती. एके दिवशी ही पडद्याबाहेर झाडत असताना एक बाई आत गेली. आतून काही आवाज आला नाही. बाई जरा वेळ तशीच आत थांबली असावी. बाहेर आली तेव्हा बाकावरच्या दोघींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग एकमेकींकडे. वाईट बुद्धीने नव्हे, नुसतंच पाहिलं. ती बाई पुन्हा कधी आली नाही. तिला दर आठवड्याला यायला सांगितलं होतं.

"मला रात्रभर ती शांतता ऐकू येत होती," तिजोरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पोतडी उचलून दवाखान्यात आणली. पत्र्याच्या पेटीत पितळी बटण पडलं की नाण्यासारखंच वाजतं. प्रत्येकीचं वाजलं म्हणजे कोणाचंच वाजलं नाही. हे तिने डॉक्टरीणबाईंना केरसुणी हातात धरून समजावलं. मी हे ऐकलं तेव्हा माझा चहा हातातच राहिला. मोठमोठ्या कंपन्यांना पद्धती बसवून द्यायचे मी पैसे घेतले आहेत. एवढी साधी आणि एवढी पक्की पद्धत मला सात जन्मांत सुचली नसती. शिवाय शिक्क्यामुळे बटणाची नक्कल करता येत नाही, हे ऑडिटर म्हणून माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात त्या बुडालेल्या मालकाला नमस्कार केला.

हिशेब तिच्याकडे आला तो असाच. आधीच्या कारकुनाची बेरीज तिने केर काढता काढता, टेबलाच्या पलीकडून उलटी वाचली आणि सहाने चुकल्याचं सांगितलं. कारकून रागावला. बेरीज सहानेच चुकली होती.

चोवीस वर्षं झाली. पाच हजार चारशेपैकी आज पाच हजार तीनशे एक्याण्णव बटणं शिल्लक आहेत. मी मोजली आहेत, अख्खा दिवस घालवून. गेलेली नऊ कुठे गेली तेही तिला पाठ आहे. एक बाकाखालच्या फटीत पडलं, दिसतं पण निघत नाही. एक नर्सच्या कोटाला लावलंय. सहा एकदम एका बाईच्या पर्समधून गेली, ती बाई गाव सोडून गेली. एक एका लहानग्याने गिळलं. "ते दुसऱ्या दिवशी मिळालं," ती गंभीरपणे म्हणाली, "पण मी म्हटलं, राहू दे तुमच्याकडेच."

आता माझं आणि तिचं भांडण. दर वर्षी एकाच गोष्टीवरून. वर्षाच्या शेवटी बटणं पेशंटपेक्षा जास्त भरायची. मी पहिल्यांदा गेलो त्या वर्षी सहा, मग नऊ, मग पंधरा. कमी भरली तर समजू शकतो, कोणी खिशात घालून नेलं. जास्त कशी? म्हणजे पेशंट नसलेल्या कोणाला तरी ही बटणं देत होती, आणि ती माणसं पडद्यामागे जाऊन येत होती. कशाला? तिने काही लपवलं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर, सुबक अक्षरात, दर वर्षी एक ओळ असायची. गेल्या वर्षीची अशी: 'जास्त बटणे एकतीस. कारण माहीत आहे.'

"माहीत आहे तर लिहा ना!" मी ओरडायचो.

"माझं नाही ते."

"मग कोणाचं आहे?"

"त्यांचं," ती म्हणायची, आणि पेन्सिल अंबाड्यात खोचायची. संपलं. तिजोरी बंद.

मग मीही माझ्या अहवालात दर वर्षी टीप टाकायचो: 'फरकाचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही.' अकरा वर्षं टाकली. कोणी वाचतं असं मला वाटत नव्हतं. ऑडिटरची टीप म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागद. पण यंदा देणगीदार संस्थेत नवे अधिकारी आले, तरुण, हुशार, वाचणारे. त्यांनी अकराच्या अकरा अहवाल वाचले आणि दवाखान्याला पत्र पाठवलं. तीस दिवसांच्या आत जास्त बटणांचा खुलासा करा, आणि यापुढे प्रत्येक पेशंटला रकमेची पावती द्या. नाहीतर पुढच्या वर्षीचा निधी बंद. खुलासा ऑडिटरच्या सहीने हवा.

निधी बंद म्हणजे भाडं बंद, पगार बंद. दोन महिन्यांत दाराला कुलूप. डॉक्टरीणबाईंनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पत्रात अवतरणचिन्हांत छापलेलं वाक्य माझं होतं.

मी तिजोरीला म्हणालो, "आता तरी सांगा. आणि पावत्या सुरू करा. दुसरा इलाज नाही."

"पावत्या एकदा केल्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्या आधी. तीन महिने. तेव्हाही वरून असंच पत्र आलं होतं." तिने एक जुनी वही काढून पान उघडलं. पेशंट पहिल्या महिन्यात सहाशे चाळीस, दुसऱ्या महिन्यात चारशे दहा, तिसऱ्या महिन्यात दोनशे पंच्याऐंशी. "आणि गल्लीच्या कोपऱ्यावर रोज फाडलेल्या पावत्यांचा ढीग. घरी नेता येत नव्हत्या ना. मीच झाडायची सकाळी. बारीक बारीक तुकडे केलेले असायचे हो, कोणी जुळवू नयेत म्हणून."

"घरी न्यायला काय होतं?" मी म्हणालो. "पावती म्हणजे काय पाप आहे?"

तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आणि म्हणाली, "तुमचा चहा निवतोय."

मग मी माझ्या परीने धावपळ केली. तीन आठवडे मी न सांगता दवाखान्यात जाऊन थडकायचो. कधी सकाळी, कधी दुपारी मध्येच पेटी उघडायला लावायचो, डॉक्टरीणबाईंना तपासणी अर्धवट सोडून यावं लागायचं. चौदा वेळा मोजलं. अकरा वेळा बटणं आणि नंबर जुळले, फक्त तीनदा एकेक बटण जास्त भरलं, आणि तिन्ही वेळा तिने पेटी उघडण्याआधी सांगितलं, "एक जास्त आहे." पद्धतीबद्दल मी देणगीदारांना छातीठोक लिहून देऊ शकत होतो. पण जास्तीच्या बटणांवर माझी सही अडली होती. न कळलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. कधी केली नाही.

मुदतीला दोन दिवस राहिले त्या संध्याकाळी मी घरी आलो तो पार वैतागून. चहा झाला, वही उघडली, पण लिहिण्याऐवजी मी बायकोपुढे मोकळा झालो. कधी बोलत नाही मी कामाचं. त्या दिवशी सगळं बोललो. एक दवाखाना आहे, तिथे एक हट्टी बाई आहे, पावती म्हणून देत नाही, आलेल्या प्रत्येकीच्या हातात बटण देते आणि पडद्यामागे पाठवते. आणि आता त्या हट्टापायी दवाखाना बंद पडणार. आणि खापर माझ्यावर फुटणार.

बायको दुधाची पिशवी दुमडत होती. दुमडतच राहिली. मग म्हणाली, "अजून तशीच वाजते का हो ती पेटी?"

मी पेटी वाजते असं कुठे म्हणालोच नव्हतो.

धाकटा शाळेत जायला लागला ते वर्ष, तिने सांगितलं. बावीस वर्षं झाली. महिनोन्‌महिने रक्त जायचं, थांबायचं नाही. एकदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली आणि मला म्हणाली पाय घसरला. मीही फरशी बघून गेलो होतो, ओली आहे का म्हणून. शेजारणीने या दवाखान्याचं सांगितलं. चार महिने गोळ्या घेतल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणखी लांबवलं असतं तर निभावलं नसतं.

"आणि पैसे?" हा प्रश्न माझ्याच तोंडून आला. दुसरा कोणता यावा?

"नव्हते. नुसतं बटण टाकायचे. चारही वेळा."

"मागितले असतेस तर मी दिले नसते का?"

"दिले असतेत," ती म्हणाली. "पावती मागितली असतीत."

मागितली असती. नक्की मागितली असती, आणि ती वहीला टाचणीने लावली असती, आणि पुढे कधीतरी कोणासमोर तरी बोलून गेलो असतो की बायकांच्या दुखण्याला किती पैसा लागतो. मी वाईट माणूस नाही. पण ती आजारी होती आणि तिला माझी भीती वाटली नाही, माझ्या वहीची वाटली, आणि वही मीच होतो.

"बरी झाल्यावर तिथे पुन्हा गेले," ती म्हणाली, "पैसे द्यायला. तिजोरीताईंना तुमचं नाव आणि वहीचं आधीच सांगितलं होतं; म्हटलं, माझे चार वेळांचे राहिलेत. तर म्हणाल्या, इथे कोणाचं काही राहत नाही. म्हटलं, मग एक बटण द्या. दिलं त्यांनी. तेव्हापासून दर वर्षी जाते एकदा. मी एकटी नाही हो, पुष्कळ येतात. ज्यांना तेव्हा जमलं नव्हतं त्या. कोणी कोणाला विचारत नाही."

"पण पैसे कुठून?"

ती पहिल्यांदा हसली. "भाजीतून."

वही माझ्यापुढे उघडी होती. मी मागची पानं चाळली. मग कपाटातून जुन्या वह्या काढल्या. दर वर्षी एक महिना. बावीस वर्षं मी बाजाराला शिव्या घातल्या. बावीस वर्षं माझ्या नाकाखाली माझ्या घरचा हिशेब चुकत होता आणि माझ्या आयुष्यात त्याच्याइतका बरोबर हिशेब दुसरा झाला नव्हता. मी रडलो. साठीच्या घरातला माणूस, टेबलावर वह्यांचा ढीग, आणि रडलो. बायकोने दूध, पेपर आणि साबण असे तीन आकडे सांगायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "राहू दे. आजपासून राहू दे."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच मी बाकावर जाऊन बसलो होतो. तिजोरी आली, कुलूप काढलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "पहिल्या दिवसापासून?"

"काय?" ती म्हणाली.

अकरा वर्षं मी या बाईसमोर टेबल आपटलं, तिला अडाणी म्हणालो, एकदा तर चोर म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. एका वाक्यात ती मला जमीनदोस्त करू शकली असती. तीन आठवड्यांपूर्वी मी 'पावती म्हणजे काय पाप आहे' म्हणालो तेव्हा ते वाक्य तिच्या ओठांवर असणार. आणि तिने माझा चहा निवल्याचं सांगितलं. दवाखाना जायची वेळ आली तरी सांगितलं नाही. देवळात मी हात जोडतो ते सवयीने. त्या दिवशी त्या व्हरांड्यात जोडावेसे वाटले ते खरे.

अहवाल मी तिथेच लिहिला. पद्धत लिहिली, चौदा मोजण्या लिहिल्या, फाडलेल्या पावत्यांचे तीन महिने आकड्यांसकट लिहिले. यापुढे दर महिन्याला मी स्वतः, विनामोबदला, न कळवता पेटी मोजेन असं लिहिलं. आणि शेवटी, खुलाशाच्या रकान्यात: 'जास्त बटणे एकतीस. कारण माहीत आहे.' खाली सही, शिक्का.

चार दिवसांनी अधिकाऱ्यांचा फोन आला. "कारण माहीत आहे म्हणजे काय हो?"

"म्हणजे मला माहीत आहे."

"मग लिहून द्या."

"माझं नाही ते," मी म्हणालो.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही चाळीस वर्षं या धंद्यात आहात ना? अशी सही आधी कधी केली आहे?" म्हटलं, कधीच नाही. "आणि तीच बाई, जिच्याविरुद्ध तुम्ही अकरा वर्षं लिहीत होतात?" म्हटलं, तीच. निधी एका वर्षासाठी मंजूर झाला. पावतीची अट 'तूर्त स्थगित'. एका वर्षानंतरचं एका वर्षानंतर. डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मागून नर्सचा आरडाओरडा ऐकू येत होता. तिजोरीचा आवाज नव्हता. ती वीजबिल भरायला गेली होती.

घरची वही आता बायकोकडे असते. मी विचारत नाही. संध्याकाळी चहा झाला की प्रश्न जिभेवर येतो, तो गिळतो. भाजी स्वस्त आहे की महाग, मला माहीत नाही.

आणि गेल्या आठवड्यात मी ऑडिट नसतानाच दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात ऊन आलेलं, बाक भरलेला. मी तिजोरीच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "एक बटण द्या."

ऑडिटर पुरुष आहे, हे ऐकायची तयारी ठेवूनच गेलो होतो. तिने चष्म्यावरून पाहिलं, डब्यात हात घातला आणि एक बटण टेबलावर ठेवलं. "रांगेत उभे राहा," ती म्हणाली.

माझ्यापुढे चौघी होत्या. माझे कान गरम झाले होते. नंबर आला तसा पडदा सारून आत गेलो. कपाटाएवढी जागा. बसायला एक स्टूल. पिशवी अडकवायला खिळा. बाईच्या चेहऱ्याच्या उंचीवर एक छोटा आरसा, बाहेर जाण्याआधी डोळे पुसायला. आणि पेटी. एवढंच. अकरा वर्षं मला हे बघायचं होतं. बावीस वर्षांपूर्वी माझी बायको इथे उभी होती, एका हातात बटण आणि दुसरा हात रिकामा, आणि मी तेव्हा कुठेतरी कोणाच्या तरी पावत्या मोजत असणार.

बावीस वर्षांच्या जुन्या वह्यांतून महागलेल्या भाजीची बेरीज मी पैशापर्यंत काढली होती. तेवढ्या नोटा आधी टाकल्या. त्या वाजल्या नाहीत. मग बटण टाकलं.

बाहेर आलो. बाकावर बायका बसल्या होत्या. एक लेकराच्या बुटाची नाडी बांधत होती, दोघी हळू आवाजात बोलत होत्या, एक डोळे मिटून भिंतीला टेकली होती. एकीनेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.